जुन्या मासिकांत शिरताना : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी वाटाड्या

आईच्या आत्या एक गोष्ट कायम सांगायच्या. "लग्नाआधी माझी कविता 'स्त्री'त छापून आली होती." साल आठवत नव्हतं, कवितेचं नाव आठवत नव्हतं. आठवत होत्या दोन ओळी, आणि पानाच्या तळाशी केसांच्या तेलाची जाहिरात होती, एवढंच.

ती कविता सापडायला मला आठ महिने लागले. त्यातले सहा महिने निव्वळ माझ्या अडाणीपणात गेले. अनुक्रमणिका पाहायच्या, नाव नाही दिसलं की खंड परत करायचा, असा माझा खाक्या होता. शेवटी कविता सापडली ती दुसऱ्याच कुणाच्या कथेखाली उरलेल्या पाव पानात. अनुक्रमणिकेत तिचा उल्लेखच नव्हता. नावही आम्हाला माहीत असलेलं नव्हतं. तेलाची जाहिरात मात्र होती, समोरच्याच पानावर.

हा लेख माझ्यासारख्या पहिलटकरांसाठी आहे. आजीची कथा शोधायची असो, एखाद्या कवितेचा पहिला छापील पाठ (म्हणजे ती पहिल्यांदा जशी छापली गेली तो मजकूर) पाहायचा असो किंवा नाटकासाठी चाळीसच्या दशकातली ब्लाउजची बाही हवी असो, वाट साधारण एकच. आणि या सगळ्या वाटेवर एक गोष्ट धरून ठेवा: अंक हा मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत अंक म्हणून पाहायचा. हवं ते पान तेवढं उचलायला गेलात की नेमकं तेच हुकतं.

१. आधी सालांची चौकट आखा

"जुनी मासिकं बघायचीत" असं म्हणून ग्रंथालयात गेलात तर तिथला माणूस तुमच्याकडे दयेनं बघेल. कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: कुणाचं किंवा काय, कोणत्या मासिकात असण्याचा संभव आणि कोणत्या दहा वर्षांत.

घरातल्या आठवणींवरून साल काढायचं असेल तर सरळ साल विचारू नका, चुकीचंच मिळतं. त्याऐवजी विचारा: तेव्हा कुठे राहत होता? शाळेत कितवीत होता? गांधीजी गेले त्याच्या आधी की नंतर? आत्यांनी साल "पंचेचाळीस असेल" असं ठोकून दिलं होतं. पण कविता छापून आली तेव्हा त्या मॅट्रिकच्या वर्गात होत्या आणि मॅट्रिकचं प्रमाणपत्र ट्रंकेत होतं. साल निघालं १९४९.

२. कोणतं मासिक चाळायचं ते ठरवा

मराठी मासिकांचा पसारा मोठा आहे. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दिग्दर्शन' १८४० चं. तिथून मोजायला बसलात तर हरवाल. नवख्याला उपयोगी पडतील अशा काही खुणा देतो.

जुन्या कवितेसाठी जळगावहून निघणारी 'काव्यरत्नावली' पाहा. १८८७ साली नानासाहेब फडणीसांनी सुरू केलेलं, फक्त कवितेला वाहिलेलं मासिक. कथा-कादंबऱ्यांसाठी हरिभाऊ आपट्यांचं साप्ताहिक 'करमणूक' (१८९०) आणि का. र. मित्रांचं 'मनोरंजन' (१८९५). दिवाळी अंकाची प्रथा ज्यानं रुजवली तो १९०९ चा अंक याच 'मनोरंजन'चा. वैचारिक लेखन आणि पुस्तक-परीक्षणं हवी असतील तर 'विविधज्ञानविस्तार', १८६७ पासूनचं.

घर, संसार, कपडे, सुधारणा, नोकरी करणाऱ्या बायका, असं सगळं एकत्र हवं असेल तर किर्लोस्करवाडीची तीन भावंडं: 'किर्लोस्कर' (१९२० साली 'किर्लोस्कर खबर' म्हणून निघालं), 'स्त्री' (१९३०) आणि 'मनोहर' (१९३४). नवकथा आणि नवकवितेसाठी 'सत्यकथा', जी १९८२ मध्ये बंद झाली. विनोद आणि चित्रांसाठी 'आवाज', 'हंस', 'मोहिनी'. मुलांसाठी 'आनंद', 'चांदोबा' आणि १९७१ पासून बालभारतीचं 'किशोर'.

साठच्या दशकातली अनियतकालिकं हा वेगळाच मामला आहे. सायक्लोस्टाइल केलेली, कधी निघतील याचा नेम नसलेली. ती ग्रंथालयात क्वचित मिळतात, कारण वर्गणी भरून येणाऱ्या टपालात ती नसायची. त्यांच्यासाठी माणसंच शोधावी लागतात.

३. सूची आधी, खंड नंतर

हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर! १८०० ते १९५० या काळातल्या मराठी नियतकालिकांतल्या लेखनाची विषयवार सूची दाते, काळे आणि बर्वे या तिघांनी करून ठेवली आहे. हातानं, कार्डं लिहून. मोठ्या ग्रंथालयांच्या संदर्भ विभागात ती असते. खंड मागवण्याआधी अर्धा दिवस तिच्यासोबत बसा.

दुसरी जागा म्हणजे पीएच.डी.चे प्रबंध. एखाद्या मासिकावर किंवा संपादकावर कुणी प्रबंध लिहिला असेल तर मागच्या परिशिष्टात बहुतेक वेळा वर्षवार लेखनसूची असते. 'शोधगंगा' या संकेतस्थळावर असे प्रबंध फुकट वाचायला मिळतात. प्रबंध वाचला नाहीत तरी चालेल, परिशिष्ट वाचा.

पण सूचीत नाही म्हणजे छापलंच नाही, असं समजू नका. पानपूरक कविता, वाचकांची पत्रं, विणकामाचे नमुने, स्पर्धेतले उतारे ही बारकी वस्ती सूचीतून गळते. ती फक्त पानं उलटूनच सापडते.

४. ग्रंथालयात जाताना

मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८), ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३), पुणे नगर वाचन मंदिर (१८४८), नाशिकचं सार्वजनिक वाचनालय (१८४०), कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर (१८५०). ही शंभरी कधीच ओलांडलेली ठिकाणं. तुमच्या गावातल्या नगर वाचनालयालाही कमी लेखू नका. तालुक्याच्या वाचनालयात माळ्यावर गठ्ठे असतात आणि अनेकदा तिथल्या ग्रंथपालांनाही ते कुणीतरी मागेल याची वाट असते.

सोबत न्यायचं:

- ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि त्यांच्या झेरॉक्स
- पासपोर्ट आकाराचे दोन फोटो
- कॉलेज किंवा संस्थेचं पत्र, असल्यास. नसल्यास स्वतःच एक साधा अर्ज लिहा: काय पाहायचंय, कशासाठी, किती दिवस
- अनामत रकमेसाठी रोख पैसे
- पेन्सिल आणि वही (पेन बाहेर ठेवायला सांगतात आणि बरोबरच सांगतात)
- भिंग, मास्क, मऊ सुती फडकं, कोऱ्या कागदाच्या पट्ट्या
- फोन आणि पॉवर बँक

निघण्याआधी फोन करा. साप्ताहिक सुट्टी, जेवणाची वेळ, संदर्भ विभाग कधी बंद होतो आणि मुख्य म्हणजे "अमुक सालाचे खंड जागेवर आहेत का?" हे विचारा. मी एकदा चार तासांचा प्रवास करून पोचलो तेव्हा कळलं की जुना विभाग दुरुस्तीसाठी बंद आहे आणि गठ्ठे ताडपत्रीखाली आहेत. चूक त्यांची नव्हती, फोन मी केला नव्हता.

एका वेळी दोन-तीनच खंड मागा. आणायला जाणाऱ्या माणसाला शिडी चढावी लागते. त्याच्याशी नीट बोललात तर तिसऱ्या दिवशी तोच म्हणतो, "त्या सालचे सुटे अंकही आहेत, बघायचेत का?" आणि बघायचे असतात ते सुटे अंकच.

५. बाइंडिंगची कात्री

सुटे अंकच का, ते सांगतो. ग्रंथालयं वर्षभराचे अंक एकत्र बांधून घेतात. बांधताना जाडी कमी व्हावी म्हणून पूर्वी सर्रास मुखपृष्ठं आणि पुढच्या-मागच्या जाहिरातींची पानं काढून टाकली जायची. "मजकूर" तेवढा ठेवायचा, हा हिशोब. कथा आणि कविता वाचल्या. कपडे, दागिने, साबण, शिवणयंत्रं, नाटक कंपन्या सगळं गेलं. तुम्ही फॅशनच्या शोधात असाल तर बांधीव खंड पाहून "या मासिकात चित्रं फारशी नसायची" असा निष्कर्ष काढू नका. चित्रं होती, ती बाइंडरच्या दुकानात राहिली.

पानांचे आकडे तपासा. खंडात जानेवारीचं पान ८० आणि लगेच मार्चचं पान १६१ आलं तर फेब्रुवारी गायब आहे. बांधताना समास इतके कापलेले असतात की कधी कधी ओळीचं शेवटचं अक्षरही गेलेलं असतं.

६. अंक हातात आल्यावर

लाकडाच्या लगद्याचा कागद आतल्या आम्लानं पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण आलं, अंक बारीक झाले, कागद हलका झाला. त्या वर्षांचे अंक सगळ्यात नाजूक. त्याआधीचा काही कागद उलट ठणठणीत दिसतो, याचं नवल वाटून घेऊ नका.

पान कोपऱ्याला धरून उलटू नका, कोपरा हातात येईल. तळवा पानाखाली सरकवून वरच्या कडेपासून उचला. बोटाला थुंकी लावायची सवय असेल तर घरी ठेवून या. खंड सपाट होईपर्यंत दाबू नका, दोन्ही बाजूंना दुसऱ्या वह्या लावून अर्धवट उघडा ठेवा. टाचण्या गंजलेल्या असतील तर ओढू नका, ग्रंथपालांना सांगा.

घरच्या अंकांच्या बाबतीत दोनच सक्त मनाया. एक, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावायची नाही. पाच-दहा वर्षांत तिचा तपकिरी डाग पडतो आणि अक्षरं तिच्याबरोबर निघतात. दुसरं, कसर लागली म्हणून अंक उन्हात वाळत घालायचे नाहीत. सावलीत, वाऱ्यावर, पानं विलग करून ठेवा.

७. साल लावणं, विशेषतः मुखपृष्ठ नसताना

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, तेव्हा जरा सैल सोडतो.

जुन्या अंकावर कधी शके असतं, कधी इसवी सन, कधी नुसतं "वर्ष १२ वें, अंक ३ रा". शक चैत्रापासून सुरू होतो. चैत्र ते डिसेंबर या काळासाठी शकात ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन अखेरीसाठी ७९. म्हणजे शके १८३१ चा कार्तिक १९०९ मध्ये पडतो, पण त्याच शकाचा माघ १९१० मध्ये. ही एक वर्षाची चूक मी मोठमोठ्या लेखांच्या तळटीपांत पाहिली आहे. मासिकाचं वर्ष जानेवारीला बदलतं, असंही गृहीत धरू नका. 'स्त्री'चा पहिला अंक ऑगस्टचा होता.

तारीखच नसेल तर जाहिराती वाचा. किंमत रुपये-आणे-पैंमध्ये असेल तर अंक बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. "नवे पैसे" दिसले तर १९५७ ते १९६४ च्या मधला, कारण जून १९६४ पासून "नवे" हा शब्द गळला आणि नुसते पैसे उरले. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. "मुंबई ४", "पुणे २" असे छोटे आकडे म्हणजे त्याआधीचा. आणे आणि नवे पैसे दोन्ही एकाच जाहिरातीत दिसले तर तो बदलाचा काळ. असा अंक मिळाला की मला उगाच लॉटरी लागल्यासारखं वाटतं.

शुद्धलेखनही सांगतं. "कांहीं", "नाहीं", "घरांत", "मी जातों" अशी अनुस्वारांची पेरणी असेल तर अंक १९६२ च्या नियमांआधीचा असण्याची शक्यता मोठी. त्या वर्षी मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार उडवले. पण सगळ्यांनी एका रात्रीत ऐकलं नाही, म्हणून हा पुरावा एकटा वापरू नका. जाहिरात खोटं बोलत नाही तसं, म्हणजे निदान किमतीच्या चिन्हाबाबत तरी.

८. नावांचा गुंता

कवी टोपणनावानं लिहीत, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. तरी शोधताना विसरतो. गडकऱ्यांच्या कविता 'गोविंदाग्रज' नावाखाली, विनोद 'बाळकराम' नावाखाली आणि नाटकं स्वतःच्या. 'बी' म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते. आता 'बी' हे नाव कोणत्याही शोधयंत्रात टाकून दाखवा!

बायकांच्या बाबतीत गाठ आणखी घट्ट. बाळूताई खरे, विभावरी शिरूरकर आणि मालतीबाई बेडेकर ही एकच व्यक्ती. माहेरचं नाव, टोपणनाव आणि सासरचं नाव. त्या प्रसिद्ध होत्या म्हणून आपल्याला ही जोडणी माहीत आहे. ज्यांची एकच कविता छापली गेली त्यांच्यासाठी ही जोडणी कुणी करून ठेवलेली नाही. लग्नात नुसतं आडनाव नाही, पहिलं नावही बदलायचं. मी सहा महिने आत्यांचं सासरचं नाव शोधत होतो. छापलं होतं "कु." आणि माहेरच्या नावाचं एक आद्याक्षर, पुढे गावाचं नाव. संपलं.

तेव्हा शोधण्याआधी नावांची यादी करा: माहेरचं, सासरचं, घरातलं लाडकं, "सौ.", "कु.", "एक भगिनी", गावाच्या नावासकट, आद्याक्षरांसकट. आणि ओळख पटवताना घाई नको. नाव जुळलं, गाव जुळलं, साल जुळलं, यांतल्या किमान दोन गोष्टी हव्यात.

९. कपड्यांकडे बघताना

मासिकातला कपडा चार ठिकाणी राहतो: मुखपृष्ठावर, कथेच्या चित्रात, जाहिरातीत आणि शिवण-विणकामाच्या सदरात. चौघांची साक्ष वेगवेगळी.

दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांवरच्या स्त्रिया पाहून "तेव्हा बायका अशा राहायच्या" म्हणणं म्हणजे आजच्या शाम्पूच्या जाहिरातीवरून आपले केस ओळखणं. ते स्वप्न होतं, सुंदर रंगवलेलं. जाहिरात म्हणजे ज्याच्याकडे लोकांनी ओढलं जावं असं वाटत होतं ते. १९४१ मध्ये अभिनेत्री लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. त्यांचं केशरचनेचं वळण घराघरांत किती उतरलं, ते कळायला दुसरीकडे पाहावं लागतं.

ते दुसरीकडे म्हणजे व्यंगचित्रं आणि वाचकांची पत्रं. ज्याची टिंगल होते ते रस्त्यावर आलेलं असतं. शि. द. फडणिसांचं ते गाजलेलं मुखपृष्ठ आठवा: तिच्या साडीवर उंदरांची नक्षी, त्याच्या बुशशर्टवर मांजरांची. विनोद कळायला छापील बुशशर्ट आणि छापील साडी दोन्ही वाचकाच्या ओळखीचे असावे लागतात. आणि वाचकांच्या पत्रांत नऊवारी की पाचवारी, डोक्यावर पदर हवा की नको, यावरचे वाद वाचा. तिथे खरी फॅशन सापडते, कारण तिथे कुणीतरी तिच्यावर चिडलेलं असतं.

शब्द जुने वापरा नाहीतर समोर असूनही दिसणार नाही. "साडी" शोधाल तर निम्मं सुटेल. "पातळ", "लुगडं", "गोल पातळ" पाहा. "ब्लाउज"ऐवजी "पोलकं", "झंपर", "चोळी". बाहीचा "फुगा".

आणि समजा एखादा नमुना शिवून किंवा विणून बघायचाय. माप वारात असतं. एक वार म्हणजे ३६ इंच, साधारण ९१ सेंटिमीटर. पण "झंपरला सव्वा वार कापड" वाचून दुकानात धावू नका. त्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, किती होता, ते पाहा. पन्हा दिला नसेल तर आधी जुन्या चादरीवर कापून बघा. विणकामात "सुलटा-उलटा" तसाच आहे, मात्र सुयांचे नंबर जुन्या पद्धतीचे असतात: तिथे नंबर मोठा तर सुई बारीक, आताच्या मिलिमीटरच्या मापाच्या नेमकं उलट. मी हे न कळून बहिणीला एक स्वेटर विणायला लावला. तो आता आमच्या कुत्र्याचा बिछाना आहे.

१०. ऑनलाइन शोध

घरबसल्याही बरंच होतं. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीनं ऑनलाइन मोफत ठेवले आहेत. इंटरनेट अर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या स्कॅनमधून आलेले मराठी खंड बरेच आहेत. पण तिथे नावं रोमन लिपीत आणि वाट्टेल तशी लिहिलेली. एकाच मासिकाची चार स्पेलिंगं करून पाहा, ह्रस्व-दीर्घ सोडून द्या, संपादकाचं नाव टाकून पाहा. नोंदीतल्या सालावर विश्वास ठेवू नका, पहिलं पान उघडून खात्री करा.

स्कॅनमधला मजकूर शोधता येत असेल तर जुनं शुद्धलेखन टाका. "काही" नाही, "कांहीं". "झाले" न सापडल्यास "झालें". यंत्राला जुना 'अ', जुना 'झ', पुसट अनुस्वार धड वाचता येत नाहीत, म्हणून लांब वाक्याऐवजी एक ठसठशीत, जोडाक्षर नसलेला शब्द निवडा. मी आत्यांच्या ओळीतला "पारिजात" टाकत बसलो होतो. यंत्रानं काही दाखवलं नाही. कारण मूळ छपाईत तो शब्द दोन ओळींत तुटला होता.

११. फोटो आणि नोंद

परवानगी विचारून, फ्लॅश बंद करून. काही ठिकाणी पानामागे शुल्क असतं.

क्रम असा ठेवा: आधी मुखपृष्ठ किंवा अंकाचं पहिलं पान, मग अनुक्रमणिका, मग हवं ते पान, मग त्याच्या आधीचं आणि नंतरचं पान. पानाचा आकडा फोटोत यायलाच हवा. सुरुवातीला मी नुसत्या कवितांचे फोटो काढले. घरी आल्यावर ४० सुंदर कविता होत्या आणि एकीचाही ठावठिकाणा नव्हता. फाइलला नाव त्याच संध्याकाळी द्या: मासिक, साल, महिना, पान.

कविता उतरवून घेताना मूळ शुद्धलेखन आहे तसं ठेवा, अनुस्वारांसकट. आधुनिक करायचं असेल तर वेगळी प्रत करा. कादंबरी क्रमशः असेल तर मासिकातला पाठ आणि पुढे पुस्तकात आलेला पाठ वेगळा असू शकतो, म्हणून कुठून घेतलं ते लिहा.

१२. विकत घ्यायचे असतील तर

मुंबईत हुतात्मा चौकाजवळचा फुटपाथ, पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि कुठल्याही गावात तुमचा नेहमीचा रद्दीवाला. तिसरा सर्वांत भरवशाचा. त्याला सांगून ठेवा, फोन नंबर द्या. घर रिकामं करणाऱ्यांचे गठ्ठे आधी त्याच्याकडे येतात आणि तो ते वजनावर घेतो. एकदा ते "दुर्मिळ" झाले की भाव बदलतो.

घेण्याआधी मधलं पान आहे का पाहा, कूपनं कापलेली आहेत का पाहा. 'आवाज' असेल तर खिडक्या (पानाला कापलेल्या, उघडल्या की आतलं चित्र दिसणाऱ्या) शाबूत आहेत का पाहा. लहान मुलांच्या हातांना त्या खिडक्यांचा फार सोस असायचा. आमच्या घरचा एक अंक मीच निकामी केलाय.

१३. चारचौघांत मांडायचं असेल तर

भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. लेखक १९६० साली गेला असेल तर हक्क २०२० च्या अखेरीस संपला. केशवसुत १९०५ मध्ये गेले, बालकवी १९१८ मध्ये. तिथे प्रश्न नाही. लेखकाचं नावच नसेल किंवा टोपणनावामागचं माणूस उघड झालेलं नसेल तर प्रसिद्धीपासून ६० वर्षं. चित्रांचा हक्क चित्रकाराचा वेगळा असू शकतो, हे लोक हमखास विसरतात. कथा मोकळी असली तरी तिच्यावरचं चित्र मोकळं असेलच असं नाही. अभ्यासासाठी स्वतःपुरती प्रत ठेवायला आणि समीक्षेत थोडा उतारा द्यायला कायद्यात वाव आहे. अख्खी कथा टाकायची तर वारसांना विचारा. बहुतेक वेळा त्यांना आनंदच होतो, आणि कधी कधी त्यांच्याकडे हस्तलिखितही निघतं.

हक्क संपलेला मजकूर टंकून मराठी विकिस्रोतावर ठेवता येतो. तेवढं केलंत तर तुमच्यानंतर शोधणाऱ्याचे सहा महिने वाचतील.

आत्यांना मी त्या पानाची मोठी छापील प्रत नेऊन दिली. भिंग घेऊन त्यांनी कविता एकदा वाचली, मग बोट एका ओळीवर ठेवलं. "हे बघ. 'सांज' लिहिलं होतं मी. यांनी 'साज' केलंय." इतकी वर्षं ती ओळ त्यांना का आठवत होती, ते तेव्हा कळलं. पेन्सिल मागून घेतली आणि अनुस्वार दिला. मग समोरच्या पानावरची तेलाची जाहिरात पुष्कळ वेळ पाहत बसल्या. बाटलीचं बूच लाल होतं, म्हणाल्या.

निघताना उंबऱ्यात असताना हाक आली. "अरे, आणखी एक आली होती. पुढच्या दिवाळीला. का त्याच्या पुढच्या?" ग्रंथालयात फोन केला. १९५० चा खंड बाइंडिंगला गेलाय.